पाठीत वाकलेलं कपाट

जुनं फर्निचर घेणारा काल येऊन गेला.
टेप लावली, वाकून मागे पाहिलं, म्हणाला,
"काकू, याची पाठ अशी का?
सागवान आहे, पण गिऱ्हाईक नाही मिळायचं.
कुठल्या भिंतीला लागणार हे?"

एका भिंतीला लागत होतं.
ती आता नाही.

पानशेतच्या पुरानंतर गोखलेनगरला
आम्हाला घर मिळालं,
अर्धं पिंप आडवं ठेवल्यासारखं.
आम्हाला म्हणजे त्यांना; मी दोन वर्षांनी आले.
भिंत कुठे संपते, छप्पर कुठे सुरू होतं,
कुणालाच सांगता यायचं नाही.
खिळ्याला लावलेलं कॅलेंडर भिंत सोडून लोंबायचं,
पंखा सुरू केला की महिने फडफडायचे.
वर-खाली दोन खिळ्यांत आवळलेले देव
पुढे झुकून
आमच्या ताटात काय वाढलंय ते बघायचे.

कडेला झोपणाऱ्याने आधी कुशीवर वळायचं,
मग बसायचं, मग पुढे सरकून उभं राहायचं.
विसरलं की टेंगूळ.
पाहुण्यांना मधोमध बसवत,
तिथेच काय तो माणूस पुरता मावायचा.
या टोकाची कुजबुज त्या टोकाला पोचायची,
म्हणून आई-अण्णा भांडायला
घागर घेऊन सार्वजनिक नळावर जात.
घागर रिकामी परत आली की आम्ही ओळखायचो.

"तात्पुरतं आहे," अण्णा म्हणायचे.
मला आलेलं पहिलं जोडाक्षर बहुतेक त्याच शब्दातलं.
तात्पुरतं, म्हणून आंबा नाही लावायचा,
कढीपत्ता चालेल.
नारायण पेठेतल्या दोन खोल्यांची किल्ली
ते जानव्याला अडकवून फिरत,
दार पाण्यात गेलं होतं तरी.
शाळेच्या फॉर्मवर कायमचा पत्ता तोच.
मी एकदा बघून आले.
कायमच्या पत्त्यावर कुणाची तरी लॅम्ब्रेटा उभी होती.

मी तिसरीत असेन. कढीपत्ता छपराला लागला होता.
अण्णांनी भागुजी मेस्त्रींना बोलावलं.
त्यांनी 'सकाळ'चे अंक खळीने एकावर एक चिकटवले,
भिंतीला धरून दाबले,
आणि आईच्या कात्रीने
आमच्या घराचा बाक कापून घेतला.
घडी करून खिशात टाकताना म्हणाले,
"बघा हं, हे दुसरीकडे कुठे बसणार नाही."

अण्णा म्हणाले,
"दुसरीकडे कुठे?"

ते विचारत होते की सांगत होते,
मला अजून ठरवता येत नाही.
पण तो शब्द नंतर घरात ऐकल्याचं आठवत नाही.
आणि किल्लीचं काय झालं,
ते विचारायचं राहिलं.

आता सहावा मजला, धायरी.
भिंती गुण्याला लावून सरळ केलेल्या,
पाठ कुठेही टेकावी.
मला स्वतंत्र खोली आहे, संडास आतच,
दुपारी तीनपर्यंत ऊन.
तक्रार नाही.
फक्त उठताना मी अजून आधी कुशीवर वळते,
आणि डॉक्टर म्हणतात, वा, छान सवय आहे,
या वयात असंच उठावं.

कपाट खाली भिंतीला चिकटतं,
वर सव्वा वीत सुटतं.
कुणी वडीलधारं माणूस
निघताना वाकून चपला शोधतंय, तसं उभं असतं.
नातू त्या फटीत मोजे टाकतो, एकदा रिमोट टाकला.

रात्री सून म्हणाली, "आई, विकायचं नसेल तर
वरच्या फटीत फळी मारून घेऊ.
सुटकेसा राहतील. नाहीतरी जागा रिकामीच आहे."

मी म्हटलं, "रिकामी नाही गं.
तिथे भिंत आहे."

केतकी हसली.
मग टेप घेऊन आली,
आणि एक टोक माझ्या हातात दिलं.